मापात न बसणारे निकमकाका

ताट समोर आलं की निकमकाका आधी खिशातून व्हर्नियर काढत आणि पोळीची जाडी मोजत. अंबडच्या एका कारखान्यात ते तपासणीला होते, ठेक्यावर. व्हर्नियर मात्र स्वतःच्या पैशाचा. "माप खोटं बोलत नाही," म्हणत ते आकडा सगळ्या मेसला ऐकवत. मग टोमॅटोच्या फोडीची पाळी. मेस चालवणाऱ्या मंगलताईंनी एकदा विचारलं, "निकमभाऊ, वरणाचं काय करता?"

काका गंभीरपणे म्हणाले, "त्याला वेगळं हत्यार लागतं."

मी त्याच कारखान्यात स्टोअरला. जेवायला रोज त्यांच्यासमोर.

किमान वेतनाचा नवा दर आला की तो कागद गेटवर चिकटवायचं काम काकांनी स्वतःकडे घेतलं होतं. ठेकेदार फाडायचा, काका दुसरा लावायचे. यंदा ठेकेदाराने त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "काका, वय झालंय तुमचं. घरी बसवायला मला एक फोन पुरतो." दोन दिवस काकांना घास गेला नाही. कागद मात्र त्यांनी काढला नाही. शेवटी सगळ्यांचा पगार वाढला.

दुसऱ्याच दिवशी मेसच्या भिंतीवर पाटी लागली. महिन्याला चारशे रुपये जास्त.

काका ताटावरून उठले. "ताई, पैसे अजून खिशात नीट बसलेसुद्धा नाहीत. पाटी काढा, नाहीतर उद्यापासून इथं कुणी जेवायला येणार नाही."

तीस-पस्तीस माणसांचे हात थांबले. "बरोबर आहे," मागून दोघं-तिघं म्हणाले. मंगलताईंनी हातातला डाव खाली ठेवला. एवढी माणसं गेली तर मेस बंदच करावी लागली असती.

आतून पोळ्या लाटणारी यमुना बाहेर आली. पेठ तालुक्याकडची, एरवी कधी न बोलणारी.

"भाऊ, गेटवरचा तुमचा कागद मी पण वाचला," ती म्हणाली. "तेल महाग तुमालाच झालं का? मीच ताईला म्हनले, मजुरी वाढव, नाय तर मी चालले. म्हनून तिनं पाटी लावली."

तव्यावर पोळी करपल्याचा वास आला, तरी यमुना हलली नाही. काका तिच्याकडे बघत उभेच होते. मग हळूच खाली बसले.

"वाढवून किती झाली हिची मजुरी?"

मंगलताईंनी सांगितली.

"कागदापेक्षा कमी आहे. पुढच्या महिन्यात पुरी करा," काका म्हणाले आणि चारशे रुपये टेबलावर ठेवले. आठ-दहा जण चिडून मेस सोडून गेले. बाकीचे राहिले.

नंतरच्या आठवड्यात मला जाणवलं, संध्याकाळी काकांसमोर ताट नसतं. विचारलं की म्हणायचे, "दुपारी जरा जास्त झालं." शेवटी मंगलताईंनीच सांगितलं. खोलीमालकानेही भाडं वाढवलं होतं, म्हणून काकांनी एक वेळचं जेवण बंद केलं होतं. ताईंनी पैसे न घेता पुढे केलेलं ताट त्यांनी दोनदा परत पाठवलं होतं.

मी म्हणालो, "काका, मग एवढं चालत येता कशाला? खोलीवर खिचडी टाकायची."

"टाकतो ना. इथून गेल्यावर टाकतो." ते टेबलावरचं पाणी बोटाने निपटत राहिले. "पण तिथं मीठ कमी पडलं, तर सांगायचं कुणाला?"

मग म्हणाले, "तू जेव सावकाश."

माझं जेवण खरं तर झालं होतं. मी यमुनाला हाक मारून आणखी थोडा भात मागितला.