न बोलणारी टाकी

चिनू, मीरा, तुमच्या फ्लशच्या टाकीत पाणी भरताना शिट्टी वाजते आणि प्लंबर आठ दिवस येणार नाही, असं तुम्ही कळवलंत. ते पत्र वाचलं आणि मला डोमाजीभाऊ आठवले. तुमच्याकडे आले असते तर चपला काढण्याआधी त्यांनी पाइपाला कान लावला असता.

त्यांची रीतच ती. स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती, चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. तुमचे आजोबा जंगल खात्यात होते आणि आमच्या सरकारी घरात इंग्रजांच्या वेळचा, साखळी ओढायचा फ्लश होता. कुंपणापलीकडे डोमाजीभाऊ राहत. कोळशाच्या खाणीत पंपाचे फिटर. कुणाकडेही गेले की आधी नळाला कान आणि मग निकाल: "बोलून राह्यला."

एका रविवारी ते पाना घेऊन आले. "बाई, तुमच्या टाकीचा वाल बदलतो."

"अहो, चांगली चालते की!"

"चालते, पन बोलते."

मी दारात हाताची घडी घालून उभी राहिले, तेव्हा खरं बाहेर आलं. त्यांच्या बायकोचं, यमुनाबाईचं, कंबरेचं हाड मोडलं होतं. पहाटे बायकांबरोबर नाल्यापलीकडे जाणं बंद झालं. म्हणून त्यांनी अंगणात संडास बांधला, सागाच्या खांबांवर पाण्याचं पिंप चढवलं, लिलावातली जुनी टाकी बसवली. यमुनाबाई दिवसाउजेडी एकदाच आत गेली. टाकी भरताना इतका वेळ शिट्टी वाजली, की गल्लीतल्या बायका वळून पाहायला लागल्या. त्यानंतर गल्ली झोपल्याशिवाय ती तिकडे फिरकली नाही.

"भात अर्धाच खाऊन राह्यली," भाऊ म्हणाले. "जा लागू नये म्हून. आमच्या टाकीवर शिकाले गेलो तं पुन्हा गल्ली ऐकन. तुमच्यावर शिकतो."

मी दारातून बाजूला झाले.

नवा वाल लागला. तांब्याचा पोकळ गोळा तरंगत वर आला, पाणी थांबलं. मला वाटलं, झालं. भाऊंनी कान लावला, शिट्टी होतीच; सगळं परत खोललं. मग रोज ड्यूटीवरून सुटले की आमच्याकडे. कधी चामड्याचा वायसर, कधी सायकलच्या ट्यूबचा. एकदा जेवता जेवता उठून आले, खरकट्या हाताने. तीन आठवडे आम्ही बादलीने पाणी ओतत होतो.

"डोमाजी, या घरात माणसं राहतात!" आजोबा ओरडले.

"राहा ना साहेब, मी कुठी नाई म्हनतो?"

शेवटी उपाय सापडला तो बांबूत. वालाच्या तोंडाला त्यांनी बांबूची नळी जोडली आणि तिचं टोक टाकीच्या तळाशी नेलं. वरून पडणारं पाणी आता पाण्याखालीच शिरू लागलं. भाऊ कान लावून बसले. मग मलाही लावायला लावला. काही नाही.

दुसऱ्या दिवशी तशीच नळी त्यांच्याकडे बसली. मला गल्लीत उभं केलं होतं. आत साखळी ओढली गेली आणि केवढा धबधबा आवाज आला! मी कपाळाला हात लावला.

"भाऊ, अहो हे?"

"हे एका दमात सरते. ते झाकता येते. शिट्टी लय वेळ चाले." त्यांनी हातोडा उचलला आणि अंगणातल्या लोखंडी पाइपावर दणादण हाणला.

तेव्हापासून घरी असले की भाऊ वेळी-अवेळी पाइप ठोकत. नव्याने राहायला आलेले लोक त्यांना खुळे समजत. जुने आपापलं काम करत राहत.

पण ते ड्यूटीवर गेले, की ठोकायला कोण? पहिल्याच सोमवारी दुपारी कुंपणापलीकडून यमुनाबाईची हाक आली, "बाई, काई कुटाचं हाये का वो?"

कुटायचं काहीच नव्हतं. मी लोखंडी खलबत्ता घेतला, मागच्या ओट्यावर बसले आणि मूठभर धने हाणून हाणून कुटले. ती परतून पलीकडे घराचं दार लागल्याचं ऐकलं, मग थांबले.

पुढची चार वर्षं, आमची बदली होईपर्यंत, मी तिच्यासाठी कुटत होते. धने, हळद, काही नसेल तेव्हा नुसताच खल. आम्ही दोघी त्याबद्दल एकदाही बोललो नाही. बदलीच्या आदल्या दिवशी तिने जेवायला बोलावलं आणि माझ्याबरोबर बसून पोटभर भात खाल्ला. भाऊ वाढत होते.

आता दोघंही नाहीत. त्यांचं घरही पाडलं. खलबत्ता मात्र माझ्या स्वयंपाकघरात आहे. रोज वापरते.