इंजिन ऐच्छिक

कोणत्याही राष्ट्राची प्रगती त्या राष्ट्रात वर्षाकाठी किती मोटारगाड्या तयार होतात यावरून मोजतात. त्यांतल्या चालतात किती, हे विचारण्याची पद्धत नाही. तशी पद्धत असती तर तळोज्याची ‘पूर्वरंग मोटर्स’ पहिल्याच वर्षी बंद पडली असती आणि वाहनउद्योग एका थोर शोधाला मुकला असता. हा शोध ज्यांच्या हातून लागला ते श्री. अभिराम केळुस्कर, सहायक व्यवस्थापक (रवानगी), राहणार नेरूळ, यांना शोधबिध काही लावायचा नव्हता. त्यांना फक्त बायकोला गाडीने माहेरी न्यायचे होते.

कंपनीत चिकटला त्याच दिवशी अभिरामने उज्वलाला शब्द दिला होता, की आपल्या कारखान्याची गाडी घेऊन तुला कऱ्हाडला नेईन, थेट दारापर्यंत. नवरा-बायकोतली गोष्ट नवरा-बायकोत राहती तर ठीक होते. पण उज्वलाने ती आईला सांगितली, आईने तिन्ही मावश्यांना सांगितली, आणि मावश्यांना सांगितल्यावर कऱ्हाडात सांगायचे कोणी उरले नाही. उज्वलाच्या वडिलांनी तर गाडी आत यावी म्हणून अंगणातले तुळशीवृंदावन दोन हात बाजूला सरकवून घेतले. तेव्हापासून दर फोनला सासरे एकच विचारीत, “जावईबापू, निघालात का?”

ते साल पंच्याण्णव होते. देशाची दारे नुकतीच उघडली होती आणि ‘परदेशी सहकार्य’ हे दोन शब्द ऐकले की माणसे रांग लावीत. रांग कशाची आहे हे पुढे गेल्यावर कळे. पूर्वरंगच्या ‘फ्लोरिना’ या गाडीसाठी वाशीपासून पनवेलपर्यंतच्या लोकांनी अशीच नावे नोंदवली. गाडीच्या रंगीत पत्रकात बर्फाचा डोंगर होता आणि बर्फात काच गोठू नये म्हणून खास सोय मोफत होती. (नवी मुंबईत आजवर एकाही फ्लोरिनाची काच गोठलेली नाही. सोय उत्तम असल्याचा याहून मोठा पुरावा नको.)

गाडी तळोज्याला बनणार आणि इंजिन युरोपातून बोटीने येणार, असा करार होता. इंजिने आलीदेखील. जासईजवळच्या एका यार्डात त्यांचा कंटेनर उतरला, आणि त्याच्यावर प्लास्टिकच्या फुलांचे तीन कंटेनर येऊन बसले. फुले दोन सख्ख्या भावांची होती आणि भावांचे फाटले होते. प्रकरण कोर्टात गेले. निकाल लागेपर्यंत फुलांना कोणी हात लावायचा नाही, असे ठरले. फुले प्लास्टिकची असल्याने त्यांना घाई नव्हती.

एखाद्या सामान्य कारखान्याने अशा वेळी काम थांबवले असते. पूर्वरंगमध्ये मात्र उत्पादन मोजले जाई ते गेटबाहेर पडणाऱ्या रंगवलेल्या गाड्यांवर, आणि रंग भरपूर होता. इंजिन नसल्याने गाडीचे तोंड वर राही आणि ती आभाळाकडे बघते आहे असे वाटे. म्हणून गुणवत्ता विभागाने बॉनेटखाली रेतीची एक गोणी बसवली. तिचे वजन, शिलाई आणि गळती यांची रीतसर तपासणी होई. इंजिन बसवण्याचा वेळ वाचल्यामुळे उत्पादन चाळीस टक्क्यांनी वाढले. युरोपातून अभिनंदनाचा फॅक्स आला. कामोठ्याजवळच्या मोकळ्या माळावर गाड्या उभ्या राहू लागल्या आणि बघता बघता माळ दिसेनासा झाला.

मग दुसरा फॅक्स आला. पावसाळ्यापर्यंत माळ रिकामा करा, नाहीतर कारखान्याला कुलूप.

आता माळ रिकामा करणे हे काम रवानगीचे, म्हणजे अभिरामचे. बिचाऱ्याची झोप उडाली. कारखाना गेला तर नोकरी जाणार, आणि नोकरी गेली तर कऱ्हाडला कुठल्या तोंडाने जाणार? तो धीर करून जनरल मॅनेजरच्या केबिनमध्ये गेला आणि म्हणाला, “सर, इंजिनाशिवाय गाडी गिऱ्हाइकाला द्यायची कशी?”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “केळुस्कर, लोकांनी काय मागितलंय?”

“गाडी.”

“इंजिन मागितलंय का कुणी?”

अभिरामने आठवून पाहिले. लोकांनी रंग विचारला होता, कॅसेट प्लेअर विचारला होता, मागच्या काचेला पडदे बसतात का विचारले होते. इंजिनाचे नाव खरोखरच कोणी काढले नव्हते.

गाड्या पोचवायला वाशीच्या बाजारातली हमालांची टोळी ठरली. ट्रेलरने सेक्टरच्या नाक्यापर्यंत आणायच्या आणि तिथून ढकलत न्यायच्या. टोळीचा मुकादम कोंडिबा साताऱ्याकडचा. त्याने एका हाताने फ्लोरिना हलवून पाहिली आणि अट घातली, “सायेब, लई हलकी हाय. कांद्याच्या टेम्पोपरीस बरी. पर आमच्यातला येकजन आत बसनार, स्टेरिंगवर, पाळीपाळीनं. न्हाई तर आमी हात लावत न्हाई.” अट मान्य झाली. पुढे पुढे आत बसलेला हमाल डावा कोपर खिडकीवर टेकून असा काही बसे, की नाक्यावरचे रिक्षावाले त्याला वाट देत. (स्टेअरिंग उजवीकडे होते, ते उजवा हात लांबवून धरले जाई; पण कोंडिबाच्या माणसांनी साहेब लोकांना डाव्या बाजूलाच ऐटीत बसलेले पाहिले होते.)

पहिली गाडी पाडव्याला अभिरामच्याच सोसायटीत गेली, पहिल्या मजल्यावरच्या सुधीर पोंक्षे यांच्याकडे. पोंक्षे बँकेत अधिकारी आणि सोसायटीचे सेक्रेटरी. हार घातला, नारळ फुटला, चाकांखाली लिंबे ठेवली. कोंडिबाच्या माणसांनी जोर लावला आणि लिंबे शास्त्राप्रमाणे चिरडली. पेढे वाटून झाल्यावर अभिरामने पोंक्ष्यांना बाजूला घेतले.

“पोंक्षे, एक सांगायचं होतं. हिच्यात अजून इंजिन नाहीये.”

पोंक्ष्यांनी वरच्या गॅलरीकडे एक नजर टाकली. मग त्यांनी हळूच विचारले, “हॉर्न वाजतो?”

“वाजतो. बॅटरी आहे.”

“रिव्हर्सचं म्युझिक?”

“तेही वाजतं.”

“मग एवढं टेन्शन कसलं घेताय? हळू बोला, वरच्या मजल्यावर ऐकू जातं,” पोंक्षे म्हणाले. “आणि कव्हर कधी देताय ते सांगा.”

इथून पुढे वाहनउद्योगाचा सुवर्णकाळ सुरू होतो.

माळ दोन महिन्यांत रिकामा झाला. नेरूळ, सीवूड्स, बेलापूर, जिथे जिथे म्हणून बिल्डिंगखाली खांब होते, तिथे फ्लोरिना उभ्या राहिल्या. दर रविवारी त्यांना शाम्पूने न्हाऊमाखू घालण्यात येई, मग कव्हर, कव्हरवर दोरी. संध्याकाळी पोंक्षे गाडी हातभर पुढे ढकलून घेत आणि मग रिव्हर्सचे म्युझिक लावून हातभर मागे. तेवढ्यासाठी समोरच्या बिल्डिंगमधली मुले गॅलरीत येत. दोन खोल्यांच्या घरात नवरा-बायकोला नीट भांडायला जागा नव्हती. ती आता काचा वर करून मिळाली. ज्या घरांत लग्न होऊन दहा दहा वर्षे झाली होती, त्या घरांतली माणसे फ्लोरिनाच्या मागच्या सीटवर एकमेकांशी पहिल्यांदा बोलली. स्थळे चालून आली. “मुलाची स्वतःची गाडी आहे,” एवढे म्हटले की मुलीकडचे पत्रिका बघत नसत.

कंपनीने पाहणी केली. सत्त्याण्णव टक्के ग्राहक पूर्ण समाधानी निघाले. (उरलेल्या तीन टक्क्यांच्या सासूबाई दुपारी गाडीत झोपायला गेल्या की उतरत नव्हत्या.) अपघात एक, तोही क्रिकेटच्या चेंडूचा. प्रदूषण शून्य. लिटरमागे धाव मोजता आली नाही, कारण लिटरच लागला नाही. पार्किंगचा नियमही सोसायट्यांनी सोपा ठेवला: जी गाडी जिथे उभी, ती जागा तिची, गाडी गेटबाहेर गेली की हक्क संपला. कोणाचीच गाडी बाहेर जात नसल्याने या नियमावरून एकही तंटा झाला नाही.

सुखी नव्हता तो एकटा अभिराम. स्टाफ कोट्यातून त्यालाही एक फ्लोरिना मिळाली होती, राखाडी रंगाची. उज्वला पहिल्या दिवशी पुढच्या सीटवर बसली, पट्टा लावला आणि समोरच्या खांबाकडे बघत म्हणाली, “ही कऱ्हाडला जाईल?”

“इंजिन आलं की.”

“अहो, मला खोटं पाडलंत तुम्ही. बाबा रोज फाटकाशी येऊन उभे राहतात.” तिला रडू आले आणि तिने ते लपवले नाही. अभिरामने काच पुसली.

आणि एक दिवस भाऊ भाऊ एक झाले! कोणाच्या तरी बारशात दोघे भेटले, गळ्यात पडले, फुलांचे कंटेनर हलले आणि खालची इंजिने मोकळी झाली. अभिराम जासईपर्यंत गेला नि ट्रकमागून स्कूटरवर, वेड्यासारखा हॉर्न वाजवत, तळोज्यापर्यंत परत आला. कंपनीने सर्व ग्राहकांना कळवले: आपापली गाडी आणावी, इंजिन मोफत बसवून मिळेल.

कोणीही आले नाही.

कंपनीला वाटले, निरोप पोचला नसेल. निरोप पोचला होता. सोसायटीच्या सभेत पोंक्ष्यांनी तो वाचून दाखवला आणि म्हणाले, “आज इंजिन बसवलं की उद्या साडू एअरपोर्टवर घ्यायला बोलावणार. परवा मेहुणीचं लग्न, नवरदेवाला गाडी आपली. गावाला कळलं की गाव यायला मोकळं. आत्ता कसं, मी सांगतो, गाडी आहे पण सहसा बाहेर काढत नाही. मानही राहतो, पेट्रोलही राहतं.” टाळ्या झाल्या. इंजिनामुळे खालच्या लाद्यांवर तेलाचे डाग पडतील, अशी उपसूचनाही मंजूर झाली.

परदेशी साहेब धावत आले. त्यांनी नेरूळच्या तीन बिल्डिंगी पाहिल्या, कव्हरांवरून हात फिरवला आणि डोक्यावरची टोपी काढली. त्यांच्या देशात म्हणे लोक गाड्या चालवतात, त्यामुळे गाड्या झिजतात, मोडतात, आणि कंपनीलाच शिव्या पडतात. नव्या धोरणानुसार फ्लोरिनाच्या दरपत्रकात एक ओळ वाढली: ‘इंजिन: ऐच्छिक, जादा आकार पडेल.’ युरोपातल्या मूळ कारखान्याने इंजिन विभागाला टाळे ठोकून गोणी विभाग उघडला. तळोज्याची रेती बोटीने निर्यात होऊ लागली.

इंजिनासाठी अर्ज एकट्याचा आला, केळुस्करांचा. ते बसवायचे कसे हे कारखान्यात सगळे विसरले होते. चार फिटर, परदेशी भाषेतले माहितीपुस्तक आणि एक शब्दकोश घेऊन शेवटी ते बसले. रविवारी सकाळी अभिरामने किल्ली फिरवली. गाडी खोकली, थरथरली आणि सुरू झाली! अभिरामने आनंदाने स्टेअरिंगवर कपाळ टेकले. सगळी बिल्डिंग गॅलरीत आली. दोघा-तिघांनी नाकाला रुमाल लावले. उज्वला नवी पैठणी नेसून, चकल्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. कऱ्हाडला फोन गेला होता. रांगोळी काढून झाली होती.

फ्लोरिना गेटबाहेर पडली. स्वतःच्या बळावर, कोणीही न ढकलता, ती नाक्यापर्यंत गेली. अभिराम गाणे म्हणू लागला. तेवढ्यात उज्वलाने आरशात पाहिले.

“अहो, थांबा. पोंक्ष्यांचा साडू आपल्या जागेत गाडी घालतोय.”

खरेच होते. कोंडिबाची माणसे एक लाल फ्लोरिना खांबाच्या दिशेने ढकलत होती.

“घालू दे,” अभिराम म्हणाला. “आपण कऱ्हाडला चाललोय.”

“आणि परत आल्यावर? हक्क संपला ना आपला. लावणार कुठे, डोक्यावर? जन्मात परत अशी जागा मिळणार नाही. वळवा म्हणते ना!”

अभिरामने बायकोकडे पाहिले. मग पुढच्या मोकळ्या रस्त्याकडे पाहिले. मग त्याने गाडी वळवली. लाल फ्लोरिनाच्या आधी अवघ्या चार हातांनी त्याने जागा गाठली, आणि सबंध बिल्डिंगने टाळ्या वाजवल्या. दुपारच्या एस्टीने उज्वला एकटीच कऱ्हाडला गेली. सोबत तिने गाडीचा फोटो नेला. वडिलांनी फाटकाशीच फोटो ओवाळला आणि विचारले, “चालते कशी?” उज्वला म्हणाली, “मस्त चालते.” खोटे तर ती बोलली नव्हती.

अभिरामची गाडी आजही बाहेर पडते. इंजिन आहे म्हणून पेट्रोल लागते, म्हणून ती पंपावर जाते. धूर सोडते, म्हणून पीयूसी काढायला जाते. उभी राहून बॅटरी उतरते, म्हणून सर्व्हिसिंगला जाते. तेवढा वेळ कोंडिबा तिच्या जागेत खुर्ची टाकून बसतो.

वाचक महाशय, आपण हसलात, आनंद आहे. आपल्या गाडीला इंजिन आहे, हे आम्ही विनातक्रार मान्य करतो. मात्र गेल्या महिन्यात ती कुठे कुठे गेली, तेवढे जरा आठवून पाहा. पंपावर, पीयूसीला, सर्व्हिसिंगला, बरोबर? म्हणजे ती स्वतःच्या कामाला गेली. तुम्ही नुसते तिच्या सोबतीला गेला होता.