हिराचा रकाना

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गारा मापणं. मापणं म्हणजे भांडणं. चैतातल्या त्या दुपारी आमची द्राक्षबाग झोडपून आभाळ निवांत झालं, आणि बायको पदरात चार गारा घेऊन ओसरीवर आली.

"आवं, बगा. लिंबाएवडी हाय."

"लिंबू बगितलंयस का कवा? बोराएवडी हाय."

"मग धरा डोस्कं फुडं, टाकून बगते!"

मी लिंबू कबूल केलं.

पलूसकडच्या आमच्या गावात गारपीट झाली की बायका कपाळाला हात लावायच्या. आमची हिरा गेरूची वाटी काढायची. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं, पण सैपाकघराच्या एका भिंतीवर लग्नापासूनची सगळी संकटं काढून ठेवली होती. गारांचे गोळे, पुराच्या लाटा, दुष्काळाची पालथी घागर. त्यापुढं काय गेलं ते : लुगडं, पत्रा, म्हैस. दिवाळीला तीन भिंतींना चुना लागायचा. चौथीला हात लावला तर चुना मलाच फासीन म्हणायची.

वर भिंतीपुढं बसून अनुमानही काढायची. "गारांत लुगडं जातं, दुष्काळात म्हस जाती, पुरात दोनी जात्यात. मंजी गारा बऱ्या!" ही खुशखबर बाग झोपली त्याच दिवशी मला मिळायची.

मागं एकदा तलाठी पंचनाम्याला आला. म्हणाला, "मावशी, नुकसान निम्मं."

"द्राक्षं निम्मी गेली, भाऊसाहेब. आमच्या सुमीचं लगीन सगळंच लांबलं. ते कुटं लिवलं?"

"त्याला कागदात रकाना न्हाई."

"मग पाडा की रकाना! पट्टी देऊ?"

तेव्हापासून तेच पालुपद. आमटीत मीठ कमी म्हणालो, तरी "पाडा रकाना!"

प्रत्येक संकटाच्या शेवटी बारके ठिपके असायचे. गारांना दोन-तीन, दुष्काळाला तर ओळच. विचारलं की म्हणायची, "तुमच्या कामाचं न्हाई."

या खेपेला एकच ठिपका दिला. तिसऱ्या दिवशी धार काढताना गोठ्यात पडली, ती उठलीच नाही.

एसटीडीवरून सुमीला कळवलं. पोरगी सासरहून आली. अग्नी देऊन परतलो, शेजारणीनं पिठलं-भाकरी आणली. मी ताट सारलं.

सुमी भिंतीकडं बघत म्हणाली, "आबा, ते ठिपके कशाचे म्हाईत हाय? नुकसान झालं की तुमी जेवत न्हाई. आय उपाशी रोजाला एक ठिपका द्यायची. म्हणायची, 'लुगडं फिरून येतं, म्हस बी येती. तुजा बा जेवला न्हाई की माजा बी घास उतरत न्हाई. त्यो कोण भरून देणार?'"

तरी त्या दिवशी मी जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. गेरूची वाटी फळीवरच होती. बोट बुडवून कालच्या दिवसाचा ठिपका दिला. बोराएवढा द्यायचा होता, लिंबाएवढा झाला.

मग हात धुतले आणि म्हणालो, "सुमे, आण ती भाकरी. तू बी बस."