कोरोना निधीतला फवारा

सरकारी पैसा कसा खर्च करावा, हे माझ्याकडून शिकावं! मी रामकिशन, जांभूळसांगवी नगरपंचायतीचा स्वच्छता निरीक्षक. अहमदपूरहून नांदेडला जाताना बसमध्ये डुलकी लागली की जे गाव मागं पडतं, ते आमचं.

केंद्राचा कोरोना निधी आमच्याकडं पोचला, तेव्हा कोरोना गावातून निघून गेला होता. दोघांची रस्त्यातच चुकामूक झाली असावी. त्यात मार्चअखेर तोंडावर आलेली. निधी खर्च झाला नाही, तर दिल्लीला परत जाणार!

सभेत कुणी म्हणालं, खाटा घ्या. कुणी म्हणालं, ऑक्सिजनची नळकांडी घ्या. मी उठलो आणि नगराध्यक्षा अयोध्याताईंना म्हणालो,

"ताई, खाट गोदामात जाऊन पडते. घ्यायचं तर लोकांला दिसंल असं घ्या!"

आणि मी फवारणीची तोफ सुचवली. ट्रॅक्टरमागं जोडायची. बटण दाबलं की औषधाचं धुकं थेट तिसऱ्या मजल्यावर. आमच्या गावात तिसरा मजला नाही, पण सोय असलेली बरी.

अयोध्याताई खूश झाल्या. "पण रामकिशन, उद्घाटनाला फवारा उडाला पायजे. नुसती फीत कापून काय मजा?"

"उडवू की ताई! साधं पाणी उडवू. उन्हात लोक दुवा देतील."

बाजाराच्या दिवशी चौकात मांडव घातला. पेपरात फोटो येणार म्हणून सगळं गाव लग्नाला निघाल्यासारखं नटून आलं. विरोधी पक्षाच्या मन्मथअप्पांनी तेवढा बहिष्कार टाकला. "आपुन त्या दिवशी लातूरला ऱ्हाणार," असं ते गावभर सांगून आले होते.

मी मांडवातून ट्रॅक्टरवाल्या हनुमंतला फोन लावला. "टाकी भरली का रे?"

"भरली साहेब. हायपो टाकू का?"

हायपो म्हणजे कोरोनात आम्ही गल्लोगल्ली मारायचो ते औषध. धुणं पांढरं करायच्या पाण्याचा थोरला भाऊ.

"टाकू नको!" मी ओरडलो. नेमका तेव्हाच बँड सुरू झाला.

"आँ?"

"टाकू नको म्हणलं, टाकू नको!"

"टाकू? हाव, हाव. समदं?"

मला 'समदं' तेवढं ऐकू आलं. वाटलं, समदं ठीक हाय म्हणतोय.

"हाव!" मी म्हणालो.

ताईंनी बटण दाबलं. तोफ घरघरली आणि मांडवात दाट धुकं उतरलं. बाहेर ऊन रणरणत होतं. लोकांनी तोंडं वर केली, हात पसरले. चौकात असं समाधान मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"दवाखान्यावानी वास मारून राहिला की!" पहिल्या रांगेतल्या चांगुणाबाई म्हणाल्या.

मी माईक घेतला. "हाच तो स्वच्छतेचा वास!"

टाळ्या पडल्या. ताईंनी भाषण सुरू केलं. कोरोनात आपण काय काय सोसलं, किती माणसं गेली, हे सांगू लागल्या. समोर लोक डोळे पुसू लागले. मग नाकं. मग पोलिसांचीही नाकं!

ताई माझ्या कानाशी लागल्या. "लोक रडून राहिलेत रे!" आणि संपत आलेलं भाषण त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं.

तेवढ्यात चांगुणाबाई उठल्या. "माझ्या लुगड्यावर तांदूळ कुणी टाकले गं?" त्यांनी पदर झटकला. तांदूळ पडेनात. बँडवाल्यांचे लाल कोट ठिपकेदार वासरांसारखे दिसू लागले. ताईंच्या जांभळ्या साडीवर तर टिपूर चांदणं पडलं.

मी ट्रॅक्टरकडं पळालो. हनुमंत अभिमानानं उभा होता. "समदे कॅन वतले साहेब. एक बी ठिवला न्हाई."

दुसऱ्या दिवशी नगरपंचायतीवर मोर्चा आला. पुढं कोण? मन्मथअप्पा! अंगात काळं जाकीट, त्यावर पांढरी नक्षी.

"कपड्यांची भरपाई द्या!"

"अप्पा, तुम्ही तर लातूरला होतात ना?" मुख्याधिकारी साहेबांनी विचारलं.

अप्पांनी जाकिटाकडं पाहिलं. "लातूरला बी उडालं," ते म्हणाले. "वारा तिकडचाच होता."

कोरोना निधीतून कपडे घेता येत नव्हते. साहेबांनी मला आत बोलावलं. "रामकिशन, संध्याकाळपर्यंत काहीतरी करा, नाहीतर तुमचा कागद वर जाईल."

माणूस अडचणीत आला की डोकं चालतं. माझं जरा जास्तच चाललं. ठिपका काढता येत नाही, पण भोवतीचा रंग तर काढता येतो! आवारात पिंप मांडलं, त्यात हायपोचं पाणी केलं आणि दवंडी दिली, "कपडे एकसारखे करून मिळतील!"

पण पहिला कपडा द्यायला कुणी पुढं येईना. शेवटी लोकांचा विश्वास बसावा म्हणून मी घरी गेलो. माझी बायको पुनम खाटेवर बसून मोरपंखी इरकलीचे ठिपके बघत होती. आदल्या दिवशी पहिल्या रांगेत तीही होती.

"आण इकडं. घटकाभरात एकसारखी करून आणतो."

"अहो, माझी न्हाई ती! औश्याच्या जाऊबाईंची हाय, मागून आणलेली!"

"मग तर लवकर आण!"

सगळ्या गावासमोर मी इरकल पिंपात बुडवली. वर काढली, तेव्हा एक ठिपका दिसेल तर शपथ! मोरपंखी रंग गेला, काठ गेले. पांढरंशुभ्र लुगडं. लोक मान हलवत आपापले कपडे घेऊन घरी गेले. ठिपक्यांसकट!

मन्मथअप्पांनी जाकीट काखेत दाबलं आणि मोर्चा तिथंच संपला. साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि दुसऱ्याच दिवशी मला कोंडवाड्यावर नेमलं. मोकाट जनावरं कपडे घालत नाहीत, हा त्यांचा विचार मला पटला.

रविवारी औश्याहून दादा आणि वहिनी आले. मी साडी घडी घालून, इस्त्री करून, वर हळदीकुंकू वाहून वहिनींच्या हातात दिली. त्यांनी घडी उलगडली. पदर शोधला, काठ शोधले. मग शांतपणे म्हणाल्या,

"भावजी, तुमचे दादा अजून जित्ते हायेत."

दादा समोर खुर्चीवर चहा पीत होते. त्यांनी साडीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि बशी खाली ठेवली.