सासूबाईंना त्राउक्समे आहे का?

कुठलाही इंग्रजी शब्द आणा, संध्याकाळपर्यंत त्याला लाटव्हियन करून घरी पाठवतो! असं मी आजवर छातीठोकपणे सांगत आलो. वॉशिंग मशीन, लाकडं कापायची करवत, गाईचं दूध काढायचं यंत्र, सगळ्यांची माहितीपत्रकं मी आमच्या भाषेत आणली आणि गावात अजून एकाचंही बोट तुटलेलं नाही. त्यामुळे आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई स्काइद्रीते इंग्रजीतले काही प्रश्न घेऊन आल्या, तेव्हा मी ते न वाचताच हो म्हटलं.

प्रश्न होते मनाच्या दुखण्याबद्दल. मन खचतं का, पोखरतं का, धास्तावतं का, बधिर होतं का! इंग्रजीत या एका भानगडीला इतके शब्द आहेत की ती माणसं दुसरं काही करत असतील असं वाटत नाही. आम्हा लाटव्हियनांना कुणी कसं काय म्हणून विचारलं, तर आम्ही "काही वाईट नाही" एवढंच म्हणतो, आणि पाठीमागे घर जळत असलं तरी तेच म्हणतो. डॉक्टरबाईंची अट एकच होती. प्रत्येक शब्द एखाद्या जित्याजागत्या माणसाला विचारून बघायचा. त्याला कळला तर शब्द पास.

जितंजागतं माणूस रस्त्यापलीकडेच राहत होतं. माझ्या सासूबाई, आउस्त्रा. सासरे आर्विड्स गेल्या पानगळीत वारले. तेव्हापासून सासूबाई जेवत होत्या, झोपत होत्या, पुन्हा पुन्हा पडदे धूत होत्या, पण अंगणातल्या तळघरात पाऊल टाकत नव्हत्या. ते तळघर सासऱ्यांनी स्वतः दगडावर दगड रचून बांधलेलं. आत बटाटे, खारवलेल्या काकड्यांच्या बरण्या, आणि दर वसंतात बर्चच्या झाडांना भोक पाडून काढलेला रस, मनुके घालून बाटल्यांत फसफसत ठेवलेला. एवढं सगळं असताना सासूबाई दुकानातून बटाटे विकत आणत होत्या! आमच्याकडे याहून गंभीर लक्षण नाही. माझी बायको दाइगा रोज म्हणायची, आई आतल्या आत मिटत चाललीय, कुणाला एक शब्द सांगत नाही, अशानं आपण तिलाही गमावून बसू. मी म्हटलं, काळजी करू नकोस, माझ्याकडे आता शब्दच शब्द आहेत.

पहिला शब्द मी निवडला तो यातना. चांगला भारदस्त शब्द. केक घेऊन गेलो, खुर्चीत ऐसपैस बसलो आणि विचारलं, गेल्या काही दिवसांत आपल्याला यातना होतात का? सासूबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"यातना माझ्या आईनं सैबेरियात भोगल्या, जावईबापू. मी पडदे धुतेय."

शब्द नापास. रशियनांनी आमची माणसं गाड्या भरभरून सैबेरियात नेली, तेव्हापासून तो शब्द त्या माणसांचा. आमच्या भाषेत काही शब्दांवर आधीच कुणीतरी बसलेलं असतं आणि त्यांना उठवायची आपली छाती होत नाही. केक मीच खाल्ला.

दुसरा शब्द शोक. या वेळी प्रस्तावना न करता दारातूनच विचारलं, आई, शोक आहे का? सासूबाई तडक उठल्या, काळा रुमाल डोक्याला बांधला आणि मयताला येणाऱ्या माणसांसाठी खारट मांसाचे पाव करायला पीठ भिजवलं. मी कागदावर "शब्द कळला" असं लिहून खुशीत घरी आलो. मागे सासूबाईंनी फोन घेऊन नात्यातल्या प्रत्येकाला, कोण गेलं, कोण गेलं, असं विचारायचा सपाटा लावला. कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांची खात्रीच पटली! दुपारी वेन्ट्सपिल्सहून दाइगाचा मामा फुलांचं चक्र घेऊन दारात उभा. मीच धडधाकट दार उघडलं तसा तो हिरमुसला. एवढ्या लांबून आला होता बिचारा.

यानंतर तो कागद घेऊन माझ्या उंबऱ्यात यायचं नाही, अशी सासूबाईंनी मला तंबी दिली. मग उरला फोन.

तिसरा शब्द त्राउक्समे. मन सारखं धास्तावलेलं असणं, याला डॉक्टरी पुस्तकात त्राउक्समे म्हणतात. आता धोक्याच्या भोंग्यालाही आमच्याकडे त्राउक्समेच म्हणतात. हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे आणि मलाही होतं. पण विद्वान माणसाला ऐन वेळी पुस्तकातला अर्थच आठवतो. मी फोन लावला आणि मऊ आवाजात विचारलं, आई, त्राउक्समे आहे का? सासूबाईंचा उजवा कान जरा जड आहे. त्या म्हणाल्या, काय? मी आवाज चढवला. त्या म्हणाल्या, काय आहे? मग मी बेंबीच्या देठापासून ओरडलो.

"त्राउक्समे, आई! त्राउक्समे!"

फोन बंद झाला. मला वाटलं, भावना अनावर झाल्या असतील.

तिकडे सासूबाईंनी सरकारी पत्रकात सांगितलेली आणीबाणीची पिशवी उचलली आणि अंगणात येऊन तोच शब्द कुंपणापलीकडे फेकला. कुंपणापलीकडे तालिस राहतो. तालिस म्हणजे आमच्या हौशी अग्निशमन दलाचा प्रमुख. आजवर त्यानं झाडावरची मांजरं उतरवण्यापलीकडे काही केलेलं नाही, आणि दलाच्या शेडवरचा भोंगा एकदा तरी खरोखर वाजवायला मिळावा म्हणून तो झुरत होता. त्यानं तो असा वाजवला की टेबलावरचा माझा चहा हिंदकळला! मी दाइगाला हाताला धरून ओढत बाहेर काढलं. गल्लीत सगळ्यांत भक्कम तळघर आर्विड्सचं, हे सगळ्यांना ठाऊक. सगळी गल्ली तिथेच धावली, सासूबाईंसकट.

आत मेणबत्तीच्या उजेडात आम्ही बटाट्यांवर दाटीवाटीनं बसलो. तालिसनं दबक्या आवाजात विचारलं, कुठल्या बाजूनं येतायत? कोण येतंय, हे कुणी विचारलं नाही, ते आम्हाला पाठ आहे. मीही घाबरलो होतो. मीच मोठ्या तोऱ्यात विचारलं, ही बातमी आणली कुणी?

"तूच की," सासूबाई म्हणाल्या. "फोनवर ओरडत होतास."

मेणबत्तीसकट सगळी गल्ली माझ्याकडे वळली. मी म्हटलं, तसं नव्हे, मी फक्त आईंचं मन कसं आहे ते विचारत होतो.

आणि तेवढ्यात ढुम्म! स्फोट झाला. तालिस काकड्यांच्या बरण्यांमागे गडप. मी बटाट्यांत पालथा. दाइगा माझ्यावर. डोकं वर काढून बघतो तर सासूबाई एकट्याच उभ्या, आणि त्यांच्या तोंडावरून रस निथळतोय. सासऱ्यांची बर्चच्या रसाची एक बाटली फुटली होती. सासूबाईंनी ओठावरून जीभ फिरवली.

"मनुके जास्त घालायचा मेला," त्या म्हणाल्या. "दरवर्षी सांगायचे मी."

आणि त्या हसल्या. सासरे गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या, अगदी पोट धरून. हसता हसता बटाट्यांवर बसल्या आणि रडायला लागल्या. दाइगानं त्यांना जवळ घेतलं.

"काळजाभोवती जड झालंय गं," त्या म्हणाल्या. "उठवतच नाही सकाळी. हे विचारायचं होतं तर सरळ विचारायचं ना रे! त्याला इतके शब्द कशाला?"

नंतर त्यांनी आणीबाणीच्या पिशवीतून प्यायचे मग काढले. एकट्या बाईच्या पिशवीत मग दोन होते. ते बघून तालिससुद्धा नाक पुसायला लागला. आम्ही उरलेल्या बाटल्या उघडल्या, आळीपाळीनं त्याच दोन मगांतून प्यालो, आणि घरी जायची कुणाला घाई नव्हती.

डॉक्टरबाईंनी माझे सगळे शब्द खोडून सासूबाईंचा एकच प्रश्न ठेवला: काळजाभोवती जड वाटतं का? आता लोक त्याचं इतकं लांबलचक उत्तर देतात की दवाखान्याची रांग रस्त्यावर येते. मला त्याचं मुळीच वाईट वाटलं नाही. आमची आई आम्हाला परत मिळाली. त्या शब्दाचा, त्या जादा मनुक्यांचा आणि तालिसच्या उतावळेपणाचा मी जन्मभर ऋणी आहे. आता जड झालं की सासूबाई स्वतः फोन करतात आणि म्हणतात, "त्राउक्समे." मी रस्ता ओलांडून जातो. दोन्ही मग मांडलेले असतात.

गल्लीलाही हे कळलं आहे. परवा सरकारनं देशभर भोंग्यांची चाचणी घेतली. भोंगा वाजला आणि सगळी गल्ली केक घेऊन सासूबाईंच्या स्वयंपाकघरात हजर! तालिस तर शिरस्त्राण घालून आला होता. सगळ्यांनी एका सुरात विचारलं, आउस्त्राआजी, फार जड झालंय का?

तळघरात धावत जाऊन, आतून कडी लावून एकच माणूस बसला होता. भाषांतरकार.