आठ सैल कड्या

राजापेठेतल्या उत्तमराव सरांच्या क्लासची पाटी क्लासपेक्षा मोठी होती, आणि पाटीवर गुणवंत विद्यार्थ्यांपेक्षा सरांचाच फोटो मोठा. त्यामुळे पालकसभेत गच्चीवर पोरांनी सूर्यमाला करून दाखवायचं ठरलं, तेव्हा सूर्य कोण होणार हा प्रश्न कुणालाच पडला नाही.

विज्ञान शिकवणाऱ्या माधवीने बाबांचा बांबू आणला होता. रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून रोवलेला, चांगला पुरुषभर उंच, आणि त्यावर एकाखाली एक आठ सैल कड्या, दर ग्रहाच्या दोरीला एक. तिवशाच्या शाळेत बाबा तीस वर्षं त्याच्याभोवती पोरं फिरवत होते. ते गेले त्याला तीन महिने झाले होते. आज त्याच्याभोवती पुन्हा एकदा पोरं फिरावीत, एवढंच तिला हवं होतं.

"हे भंगार कायले आनलं, मॅडम? मी उभा हाओ ना!"

"सर, कड्या सैल लागतात. नाहीतर दोऱ्या..."

"मले शिकवून राहिल्या का?"

बांबू जिन्याखाली गेला. सरांनी सोनेरी कागदाचा मुकुट चढवला, कमरेला आठ दोऱ्या बांधून घेतल्या आणि पालकांना सांगितलं, "सूर्याचं काम एकच. जागचं हलायचं नाही." ते सरांना जमण्यासारखं होतं. क्लासमध्येही ते दुसरं काही करत नसत.

ग्रह सुटले. बुध झालेला विपुल सुसाट पळाला. दर फेरीला त्याची दोरी सरांच्या पोटाला गुंडाळून आखूड होत गेली. सहाव्या फेरीला त्याचं नाक सरांच्या पट्ट्याच्या बक्कलवर आपटलं.

"सर, बुध सूर्यात घुसला!" नेपच्यून झालेली आकांक्षा लांबून ओरडली.

"उलटे फिरा! उलटे!"

अर्धे उलटे फिरले, अर्ध्यांना ऐकूच गेलं नाही. पृथ्वी मंगळावर आदळली, शनी गुरूच्या दोरीत अडकला आणि सूर्य सुतळीच्या गुंड्यासारखा आडवा झाला.

विपुलची आजी माणिकबाई भाजी विकून थेट सभेला आली होती. पिशवीतली सुरी काढून तिने सूर्य मोकळा केला. मग माधवीकडे बोट दाखवून म्हणाली, "मी याइच्या बाबाजवळ शिकली, तिवशाले. थे गुरुजी कदी मधात उभे नाही राह्यले. जाय व बाई, आन थो बांबू."

बांबू आला. कापलेल्या दोऱ्या कड्यांना बांधल्या आणि आठही पोरं आपापल्या कडीवर फिरू लागली, कुणी कुणाला न धडकता. माधवी फेऱ्या मोजू लागली.

सर खुर्चीत बसून मुकुट सरळ करत होते. "मंग यात सूर्य कोन हाय?"

"बांबू, सर."

सरांनी बांबू खालपासून वरपर्यंत न्याहाळला. "त्याच्यावर माहा फोटो लावता येईन काय?"

"नाही, सर," माधवी म्हणाली. "कड्या अडतील."