गळ्याचा व्यायाम आणि धोंडूची रापण

एखादी गोष्ट मनावर घेतली की मी ती तडीस नेतोच! विचारा कुणालाही. आमच्या वाडीत मात्र नका विचारू.

झोपेत माझा श्वास अडकायचा. घोरता घोरता मी एकदम गप्प व्हायचो आणि माझी बायको हिरा घाबरून मला गदागदा हलवायची. मालवणच्या डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, "गळ्याचे स्नायू सैल पडलेत. वजन उतरवा, रोज व्यायाम करा आणि परत दाखवायला या." व्यायाम कसला? जीभ बाहेर काढायची, टाळूला चिकटवायची, गाल फुगवायचे, लांबलचक 'आऽऽ' करायचं. शिवाय हात वरखाली करत झपाझप चालायचं!

"गोळी नाय, इंजेक्शन नाय! जीभ काढूक सांगणारो ह्यो खयचो डॉक्टर?" हिराला तिथेच संशय.

घरी केलं तर शेजारी हसणार. म्हणून मी सकाळी गुपचूप सुरूच्या झाडांपलीकडे किनाऱ्यावर जायला लागलो. कुणापाशी ब्र काढला नाही. इथेच माती खाल्ली!

आमची पोटं रापणीवर. पाण्यात मासळी दिसली की किनाऱ्यावरचा माणूस हात हलवून ओरडतो, होडीवाले जाळं टाकतात, बाकीचे दोर ओढतात. माझा वाटा गंगारामच्या रापणीत. आणि सुरूपलीकडे रापण धोंडूची, म्हणजे गंगारामच्या दुष्मनाची! एका सकाळी मी हात वरखाली करत 'आऽऽ' केलं आणि धोंडूच्या माणसांनी धडाधड जाळं टाकलं. निघाले बांगडे!

दुसऱ्या दिवशी गंगाराम आपल्या सगळ्या माणसांना घेऊन तिथेच हजर.

"सत्यवाना, आमच्या रापणीत ऱ्हवान धोंडूक इशारो देतंस?"

"इशारो नाय रे! गळ्याचो व्यायाम!"

"गळ्याचो व्यायाम हातान करतत?"

मी डॉक्टरांनी सांगितलेलं चालणं समजावायला गेलो.

"करून दाखय! खोटा ठरला तर तुझो वाटो बंद!"

वाट्याचा प्रश्न! मी जीव ओतला. जीभ हनुवटीपर्यंत काढली, गाल भोपळ्याएवढे फुगवले, दोन्ही हात आभाळात नेऊन असं 'आऽऽऽ' ठोकलं की कावळे उडाले. माणसं हसायला लागली. गंगारामही विरघळला. "खराच आजारी दिसता रे ह्यो!"

वाचलो! एवढ्यात धोंडूच्या होडीकडून आरोळी आली, "सत्यवान ओरडता! होडी ढकला रे!"

मी "नको, नको" म्हणून जोरजोरात हात हलवले. त्यांनी होडी आणखी जोरात ढकलली! जाळं ओढलं तर सगळा किनारा बांगड्यांनी चकचकीत. धोंडू स्वतः टोपली घेऊन आला.

"सत्यवाना, ह्यो तुझो वाटो! काय नजर आसा रे तुझी!"

गंगारामने टोपलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पाठ फिरवली. माझा वाटा गेला.

दुपारी ताटात तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं. मी ताट पुढे सरकवलं.

"हिरा, तू तरी सांग. मी गंगारामाक दगो देणारो माणूस आसंय?"

तिने शांतपणे काटा चोखला.

"माका काय म्हाईत? पण उद्या वायच लवकर जावा. आणि बांगडो पुरे झालो आता. सुरमयेसाठी ओरडा!"